काटा खरं बोलायला हवा

माझी जीप १९९१ची, महिंद्राची एमएम ५४०. आत प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन. ४ सिलिंडर आणि ९० मिलिमीटर बोअर, म्हणून ते नाव. ऑइल प्रेशरसाठी डॅशबोर्डवर फक्त लाल दिवा उरला होता. अशा दिव्याचा स्विच प्रेशर साधारण अर्ध्या बारखाली गेलं की लागतो. तोवर बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं. जुन्या इंजिनात बेअरिंग झिजतात, फट वाढते, तेल तिथून सहज निसटतं आणि प्रेशर महिन्यामहिन्यानं उतरत जातं. हे उतरणं दिव्याला कळत नाही, काट्याला कळतं. म्हणून मीटर बसवायचं ठरवलं.

मीटर एका दुकानातून घेतलं, सेंडर दुसऱ्यातून. सेंडर म्हणजे आट्यांवर बसवलेला पत्र्याचा डबा, मुठीत मावेल एवढा. आतल्या पडद्याला तेल रेटतं, तसा विजेचा रोध बदलतो. इंजिनावर चढवण्याआधी नुसत्या वायरी जोडून पाहिल्या, तर काटा थेट शेवटच्या आकड्यावर. मल्टिमीटर लावला तेव्हा उलगडा झाला. प्रेशर शून्य असताना सेंडर २४० ओहम दाखवत होता. अमेरिकन पद्धतीचे सेंडर २४०पासून ३३पर्यंत उतरतात. माझं मीटर युरोपीय पद्धतीचं, १०पासून १८०पर्यंत चढणारं. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात. दुकानदारानं सेंडर बदलून दिला.

मग आट्यांचा प्रश्न. ब्लॉकचे आटे मेट्रिक, सेंडरचे १/८ एनपीटी, म्हणजे टोकाकडे निमुळते. हातानं एक-दोन फेरे बसतात, पुढं पाना लावून दामटायचा मोह होतो. तो आवरायचा, कारण त्यात ब्लॉकचेच आटे जातात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे गेलो. त्यानं आधी पिच गेज लावून खात्री केली, कारण १/८ बीएसपीला इंचात २८ आटे असतात आणि एनपीटीला २७. डोळ्यांना फरक कळत नाही. लोखंडी अडॅप्टर बनला. त्याखाली तांब्याचं वायसर, तेही लाल तापवून पाण्यात बुडवून मऊ केलेलं.

सेंडर थेट ब्लॉकवर किंवा पितळी टीवर लावायला आमच्या मिस्त्रींनी नकार दिला. ‘डिझेलची थरथर आहे, दादा. एवढं वजन टांगलं तर तुटतंय बघा, आणि तुटलं की सगळं तेल रस्त्यावर.’ त्यांनी तेलाला टिकणारा रबरी होज मॅनिफोल्डपासून लांब फिरवला आणि सेंडर केबिनपुढच्या पत्र्यावर क्लॅम्पमध्ये धरला. निमुळत्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोनच फेरे, पहिला आटा मोकळा, म्हणजे टेपचा तुकडा तेलात जाणार नाही. सेंडरला दोन जोडण्या होत्या, एक मीटरची आणि एक लाल दिव्याची.

स्टॉप केबल ओढून धरून सेल मारला. इंजिन पेट घेत नव्हतं, पण पंप फिरून होज तेलानं भरला आणि काटा हलला. मग इंजिन सुरू केलं. अर्ध्या तासानं, तेल चांगलं तापल्यावरही आयडलला काटा तीन बारवर! मला आनंद झाला. मिस्त्री मात्र बॉनेटवर हात ठेवून उभेच राहिले. ‘एवढ्या जुन्या इंजिनाला गरम झाल्यावर तीन? न्हाई पटत.’

त्यांनी क्लॅम्प सोडला. खाली रंगाचा जाड थर होता. सेंडरचं अर्थिंग त्याच्या अंगातूनच जातं. थेट ब्लॉकवर बसवला असता तर ते आट्यांतून मिळालं असतं. इथं ते रंगानं अडवलं होतं. अडलेल्या अर्थिंगचा रोध सेंडरच्या रोधात मिसळतो आणि मीटर त्याला प्रेशर समजतं. रंग खरवडला, सेंडरच्या अंगापासून ब्लॉकच्या बोल्टपर्यंत वेगळी वायर नेली. काटा उतरून सव्वा बारवर स्थिरावला. तोच माझ्या इंजिनाचा खरा आकडा होता, आणि झिजलेल्या इंजिनाला तो वाईट नाही.

या जातीच्या मीटरची वायर तुटली तरी काटा वरच जातो, म्हणजे बिघाड झाला की ते भरपूर प्रेशर आहे असं सांगतं. म्हणून मीटर बसवलंत तरी लाल दिवा काढू नका. किल्ली फिरवल्यावर, सेल मारण्याआधी, दिवा पेटलेला आणि काटा शून्यावर असल्याचं रोज बघा.