स्नायूंमधला तलाव

गोंदिया जिल्ह्यात पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू झाली की चिखलाच्या बांधीत वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बायांच्या बोटांची प्रत्येक हालचाल स्नायुतंतूंमध्ये क्षणभर मोकळ्या होणाऱ्या कॅल्शियमवर अवलंबून असते. आणि ते कॅल्शियम साठवणे, सोडणे व पुन्हा भरून घेणे ही तिन्ही कामे एटीपी, म्हणजे ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट, या रेणूच्या आधाराने चालतात. हा रेणू १९२९ साली स्नायूंमध्येच सापडला, आणि जर्मनीच्या कार्ल लोमान यांच्याप्रमाणेच अमेरिकेत सायरस फिस्क यांच्यासोबत काम करणारे आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचाही त्या शोधात वाटा होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

स्नायुतंतूच्या आत पातळ पटलाच्या पिशव्यांचे जाळे पसरलेले असते. नवेगावबांधच्या तलावात जसे पाणी, तसे या जाळ्यात कॅल्शियम साठते, आणि स्नायू विसावलेला असताना आतले कॅल्शियम बाहेरच्या पेशीद्रवापेक्षा हजारो पटींनी दाट असते. मात्र तलाव पावसाने आपोआप भरतो, तर हा साठा उताराच्या उलट दिशेने उपसूनच भरावा लागतो. पटलातला ‘सर्का’ नावाचा प्रथिन-पंप एटीपीचा एक रेणू खर्च करून कॅल्शियमचे दोन आयन आत ओढतो. मज्जातंतूचा संदेश विद्युत लहरीच्या रूपाने तंतूच्या खोल भागात पोहोचला, की पटलातले ‘रायनोडिन ग्राही’ हे प्रथिनाचे दार उघडते, कॅल्शियम उताराने बाहेर पडून ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते, आणि ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यावरचा अडसर सरकून मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाची डोकी त्या धाग्याला पकडून ओढू लागतात.

उताराने वाहणाऱ्या कॅल्शियमला वेगळी ऊर्जा लागत नाही, म्हणून दार उघडण्याशी एटीपीचा संबंध नसावा असे वाटते. पण तसे नाही. एटीपी त्या दारावर स्वतः न मोडता बसतो आणि ते उघडणे सुलभ करतो, म्हणजे येथे तो इंधन नसून किल्लीचा सोबती असतो. याउलट मॅग्नेशियम ते दार आवळून धरते. पेशीतला बहुतेक एटीपी मॅग्नेशियमला बांधून ठेवत असल्यामुळे, राइस मिलमध्ये धानाची पोती सलग उचलण्यासारख्या तीव्र श्रमात एटीपी घटला, की मॅग्नेशियम सुटे होते, दार पुरेसे उघडत नाही आणि पकड ढिली पडते. थकव्याच्या अनेक कारणांपैकी हे एक असून, त्याला दुर्बलता न म्हणता उरलेला एटीपी राखणारा बचाव म्हणणे अधिक योग्य ठरेल.

एटीपी पूर्ण संपल्यावर काय होते, हे तलावातून काढलेल्या मासोळीत दिसते: मृत्यूनंतर पंप थांबतो, कॅल्शियम झिरपत राहते, आणि मायोसिनची पकड सोडवायलाही एटीपीच लागत असल्यामुळे मासोळी ताठ होते, पुढे विकरे स्नायूतली प्रथिने तोडू लागली, की तो ताठरपणा हळूहळू उतरतो.