इंजिनाचा दमसास

१९६१ साली इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीने हेरल्ड १२०० ही घरगुती मोटार बाजारात आणली. चार सिलिंडर, ११४७ सीसी, ३९ अश्वशक्ती. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीची स्पिटफायर आली, दोघांनी बसायची उघडी स्पोर्ट्स कार. इंजिन त्याच घराण्यातलं. सीसी तेवढेच, पिस्टनचा व्यास तोच, त्याची वरखाली धावही तीच. ताकद मात्र ६३ अश्वशक्ती. टर्बो नाही, जादा सिलिंडर नाही, कसलं दिव्य इंधनही नाही. जागच्या जागी चोवीस घोडे वाढले. ते आले कुठून?

आपल्याकडे याच इंजिनाचं धाकटं भावंड मद्रासजवळ वंडलूरला तयार होत असे. ‘स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’चा तो कारखाना, आणि गाडी स्टँडर्ड हेरल्ड. तिचं इंजिन ९४८ सीसीचं: सिलिंडरचा व्यास ६३ मिलीमीटर, पिस्टनची धाव ७६. या घराण्याची वंशावळ बघण्यासारखी आहे. १९५३ च्या स्टँडर्ड एटमध्ये व्यास ५८ मिलीमीटर होता आणि इंजिन ८०३ सीसीचं. मग ६३, मग ६९.३, मग ७३.७. व्यास वाढत गेला तसं इंजिन ९४८, ११४७, १२९६ सीसीचं झालं. धाव मात्र या सगळ्यांत ७६ च राहिली. पुढे धावही वाढवून हेच इंजिन १४९३ सीसीपर्यंत गेलं.

आपण मात्र ९४८ वर थांबलो. हेरल्डनंतर १९७२ ला वंडलूरहून गॅझेल आली, तिच्यातही तेच. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरची तीच तऱ्हा. आपली फियाट १०८९ सीसीची, व्यास ६८ मिलीमीटर. इटलीत तीच ११००-डी ७२ मिलीमीटर व्यासाने १२२१ सीसीची झाली होती. चार मिलीमीटरचा फरक आणि बारा टक्के जास्त जागा. परवाना-राजने आपल्याला काय काय दिलं नाही, त्या यादीत हे चार मिलीमीटरही घालायला हरकत नाही.

समजा, तंजावरातल्या एखाद्या शेडमध्ये अशी जुनी हेरल्ड उभी आहे आणि मालकाला तिचा ‘पिकअप’ थोडा वाढवायचा आहे. शर्यत जिंकायची नाही, कुंभकोणमच्या रस्त्यावर ट्रकच्या मागे अडकून राहायचं नाही, एवढंच. या गाडीचं बॉनेट उघडणं हाच एक सोहळा असतो. मडगार्डांसकट सगळा पुढचा भाग एकसंध पुढे कलंडतो आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं दिसतं. पुढच्या चाकावर टेकून मेकॅनिक निवांत काम करू शकतो.

आता हिशेब. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. मिनिटाला ४,५०० फेऱ्या झाल्या तर ९४८ सीसीच्या इंजिनाने दोन हजार शंभर लिटरच्या वर हवा ओढायला हवी. प्रत्यक्षात जुनं इंजिन त्यातली पाऊण हिश्श्याच्या आसपास ओढतं. पेट्रोल या हवेच्या मापाने लागतं, साधारण पंधरा किलो हवेला एक किलो. जास्त पेट्रोल ओतणं कुणालाही जमेल. कार्बोरेटरचा जेट मोठा केला की झालं. पण त्या पेट्रोलला पुरेल एवढी हवा नसेल तर मागून काळा धूर निघतो, ताकद नाही. म्हणजे सगळा खटाटोप हवेसाठी आहे. ती फुकट असते आणि तरीही मिळत नाही.

हवेच्या बाबतीत तंजावर अर्धं भाग्यवान. कावेरीचा सपाट त्रिभुज प्रदेश, उंची समुद्रसपाटीपासून साठेक मीटर, त्यामुळे हवेचा दाब भरपूर. हीच गाडी महाबळेश्वरला नेली तर नुसत्या उंचीमुळे दाब सुमारे पंधरा टक्क्यांनी उतरेल. पण मे महिन्यात तंजावरला पारा चाळिसाला टेकतो, आणि पंधरा अंशांच्या हवेपेक्षा चाळीस अंशांची हवा आठ टक्के विरळ असते. बॉनेटखालची कोंडलेली हवा साठ अंशांवर गेली की आणखी सहा टक्के गेले. म्हणून सगळ्यांत स्वस्त सुधारणा कुठली, तर समोरच्या जाळीपासून एअर फिल्टरपर्यंत एक रुंद नळी टाकून बाहेरची हवा आत आणणं. यात मिरवण्यासारखं काही नाही, म्हणून बहुतेक जण ती करत नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. ४,५०० फेऱ्यांवर हवा आत ओढण्याचा एक स्ट्रोक सेकंदाच्या दीडशेव्या भागात आटोपतो. पापणी एकदा लवेपर्यंत चार सिलिंडर मिळून पंधराएक श्वास घेऊन झालेले असतात. व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या अरुंद वाटेत हवेचा वेग तेव्हा ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरच्या घरात असतो. या वेगाला हवा हलकी राहत नाही. तिला वजन असतं, रेटा असतो, ती वळणावर भिंतीवर आदळते. ओतीव हेडच्या आतला खडबडीतपणा, मॅनिफोल्ड आणि हेड जिथे जुळतात तिथे आत डोकावणारी गॅस्केटची कड, व्हॉल्व्हच्या बैठकीचा बोथट कोन, अशी प्रत्येक अडचण तिला जाणवते. चांगला कारागीर म्हणून आधी भोकं एकमेकांशी जुळवतो, कडा घासतो, मग व्हॉल्व्हची सीट तीन वेगवेगळ्या कोनांत कापतो. आतून आरशासारखी पॉलिश करण्याचा सोस मात्र निव्वळ हौसेचा. हवा तोंड बघायला थांबत नाही.

रेट्याचा फायदाही उठवता येतो. पिस्टन तळाला पोचून परत वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह लगेच बंद करत नाहीत. आत धावत निघालेला हवेचा स्तंभ एकदम थांबू शकत नाही. वर येणाऱ्या पिस्टनला न जुमानता तो आत घुसतच राहतो. व्हॉल्व्ह किती उशिरा मिटायचा हे कॅमशाफ्टवरच्या उंचवट्यांचा आकार ठरवतो. स्पोर्ट्स कॅम म्हणतात तो हाच: व्हॉल्व्ह लवकर उघडणारा, उशिरा मिटणारा, थोडा जास्त उचलणारा.

आणि मग सायलेन्सरची बाजू. इथे तंजावर आपल्या मदतीला येतं. बृहदीश्वराच्या आवारात भोसले घराण्याचा लांबच लांब मराठी शिलालेख बघायला जाणाऱ्यांनी जमल्यास कुंभकोणमच्या पलीकडच्या नरसिंगमपेट्टै गावातही जाऊन यावं. तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या नादस्वरम बनवतात. जुन्या घरांतून निघालेलं आच्चा नावाचं मुरलेलं लाकूड त्यासाठी वापरतात. २०२२ साली या वाद्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एकेकाळी नादस्वरम आखूड आणि चढ्या स्वराचा असे, त्याला तिमिरी म्हणतात. तिरुवावडुतुरैचे राजरत्नम पिळ्ळै यांना खालचा, भारदस्त स्वर हवा होता. त्यांच्यासाठी इथल्या रंगनाथन आचारींनी लांब नळीचा ‘पारी’ नादस्वरम घडवला आणि पुढे तोच रूढ झाला.

नळी लांबली की स्वर का उतरतो? नळीच्या तोंडाशी असलेली पाती, तिकडे तिला सीवाळी म्हणतात, क्षणभर उघडते आणि हवेचा एक धक्का नळीतून निघतो. उघड्या टोकाला पोचल्यावर तो सगळाच्या सगळा बाहेर पडत नाही. त्याचा काही भाग उलटा होऊन परततो: दाब गेला होता, ओढ बनून येतो. परत आलेली ही लाट सीवाळीची पुढची हालचाल ठरवते. नळी लांब, तर लाटेचा फेरा लांब, तर हालचाल संथ आणि स्वर खालचा.

इंजिनाच्या एक्झॉस्ट पाइपात अक्षरशः हेच घडतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच जळक्या वायूचा धक्का नळीत शिरतो. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास असतो. नळी एक मीटर लांब धरली तर जाऊन-येऊन साडेतीन-पावणेचार मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ४,५०० फेऱ्यांवरचा क्रँकशाफ्ट शंभरेक अंश फिरलेला असतो. परतणारी लाट ओढीची. व्हॉल्व्ह उघडा असताना ती पोचली तर सिलिंडरातला उरलासुरला धूर खेचून काढते, आणि त्या वेळी इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागला असेल तर ताज्या हवेलाही आत ओढून घेते. पिस्टन अजून खाली निघालेलाही नसतो आणि श्वास सुरू झालेला असतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला कितीतरी वेळ ते खरंच वाटेना. धूर बाहेर टाकणारी मुकी नळी हवा आत ओढायला मदत करते!

फरक एवढाच की नादस्वरमची पाती लाटेचं ऐकते. इंजिनाचा व्हॉल्व्ह ऐकत नाही, तो कॅमशाफ्टचा हुकूम पाळतो. त्यामुळे नळीलाच त्याच्या वेळा सांभाळाव्या लागतात, आणि त्या ठरावीक फेऱ्यांवरच सांभाळल्या जातात. २,००० फेऱ्यांवर तीच लाट येईपर्यंत क्रँकशाफ्ट जेमतेम पंचेचाळीस अंश फिरलेला असतो. लाट फार लवकर येते आणि तिची मदत वाया जाते. चार सिलिंडरांच्या नळ्या जोडण्यातही हीच नजर लागते. या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२. म्हणून पहिला आणि चौथा, दुसरा आणि तिसरा अशा जोड्या लावतात, म्हणजे एकाच्या धक्क्याने दुसऱ्याचा खेळ बिघडत नाही. या जोड्या पुढे एका नळीत येतात. चाराच्या दोन, दोनाची एक. नुसतं सायलेन्सरचं पोट रिकामं करून गावभर आवाज करत फिरणाऱ्यांना यातलं काहीच मिळत नाही, शेजाऱ्यांच्या शिव्या सोडल्या तर.

आता ते चोवीस घोडे मोजता येतात. स्पिटफायरला दोन एसयू कार्बोरेटर, तिखट कॅम, मोकळा एक्झॉस्ट आणि नऊपट कॉम्प्रेशन मिळालं होतं. हेरल्ड १२०० ची कमाल ताकद ४,५०० फेऱ्यांवर येई, स्पिटफायरची ५,७५० वर. म्हणजे अठ्ठावीस टक्के वाढ नुसती जास्त फेऱ्यांची, तिथपर्यंत दम टिकल्याची. उरलेली सव्वीस टक्के प्रत्येक धक्क्यातली: श्वास जास्त भरला आणि जास्त दाबून जाळला. दोन्हींचा गुणाकार केला की ३९ चे ६३ होतात.

दाबून जाळण्याचं काम वंडलूरच्या कारखान्यानेही केलं होतं. गॅझेलमध्ये तेच ९४८ सीसीचं इंजिन हेरल्डपेक्षा जास्त, साडेआठपट कॉम्प्रेशन घेऊन आलं. एका सिलिंडरचे २३७ सीसी. सातपट कॉम्प्रेशन असेल तर पिस्टन वर टेकल्यावर हेडमध्ये साडेएकोणचाळीस सीसी जागा उरते, साडेआठपट असेल तर साडेएकतीस. हेडचा खालचा पृष्ठभाग घासून दीड चमचा जागा कमी करायची, की कागदावर त्याच पेट्रोलातून सहा टक्के जास्त काम निघतं. मर्यादा नॉकिंगची. ठिणगीची ज्योत पोचायच्या आतच उरलेलं मिश्रण आपोआप भडकलं तर पिस्टन फुटू शकतो. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते नॉकिंगला चांगलं दाबून धरतं, म्हणून कॉम्प्रेशन वाढवणाऱ्याला ते पथ्यावर पडतं. पण त्याला हवा कमी लागते, जेट थोडा मोठा करावा लागतो. आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा पडदा ते कुरतडून टाकतं. तेवढं आधी बदलून घ्यावं.

व्यास वाढवून सीसीच वाढवायचे असतील तर मात्र कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार आर.सी.वर नोंदलेला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सीसी तिथे लिहिलेले असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असे बदल करणाऱ्या मालकाला बदलागणिक पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मोठे प्रयोग करणाऱ्यांसाठी मद्रासच्या उत्तरेला शोलावरमची जुनी विमानधावपट्टी होती. तिथे हेरल्ड आणि फियाटी असे दम वाढवून पळवत.

हे सगळं दुधारी आहे. तिखट कॅमचं इंजिन ५,००० फेऱ्यांवर गातं, पण मोठ्या देवळाभोवतीच्या गर्दीत पहिल्या गिअरवर ठेचकाळत चालतं. लाटा चुकीच्या वेळी येतात, हवेला पुरेसा रेटा नसतो. नळीची एक लांबी, कॅमचा एक आकार, म्हणून एकच आवडता वेग. यावर उपाय निघाला तो व्हॉल्व्हच्या वेळा चालता चालता बदलण्याचा. १९८९ मध्ये होंडाने व्हीटेक आणलं. आज व्हॉल्व्हच्या वेळा फेऱ्यांनुसार सरकवणं मध्यमवर्गाच्या गाडीतही असतं. मारुतीचं चार सिलिंडरांचं ११९७ सीसीचं ड्युअलजेट इंजिन बारापट कॉम्प्रेशनवर सुमारे नव्वद अश्वशक्ती देतं, जवळजवळ हेरल्ड १२०० एवढ्याच पोटातून. गॅरेजमधला कारागीर जे कानशीने आणि कानाने साधत असे, ते कारखान्याने आधीच साधून ठेवलेलं आहे. त्यामुळे नव्या गाडीवर महागडा फिल्टर आणि गडगडणारा पाइप बसवून हाताला फारसं लागत नाही. हेरल्डमध्ये लागतं, कारण तिच्यात मुळात बरंच शिल्लक ठेवलेलं होतं. फक्त तिचे ब्रेक साठ वर्षांपूर्वीचे ड्रम आहेत, तेव्हा पहिला खर्च त्यांच्यावर करावा आणि हेड नंतर खोलावं.