तारेवरचा तांबडा होला

गेल्या मे महिन्यात सोलापूरकडच्या आमच्या वस्तीवर होतो. सकाळी ओट्यावर चहा घेत बसलं की समोरच्या विजेच्या तारेवर होल्यांची रांग लागलेली असते. त्या दिवशी रांगेच्या टोकाला एक वेगळाच पक्षी बसला होता. शेजारच्या होल्यांपेक्षा बराच लहान, डोकं चुलीतल्या राखेसारखं करडं, पाठ आणि पंख भट्टीतून नुकत्याच निघालेल्या विटेच्या रंगाचे. मानेमागे काळी रेघ. आत्याला दाखवला, तर ती म्हणाली, "होलाच की रे तो! दुसरं काय असणार?"

होला तर खराच, पण कोणता? आपल्याकडे होला ओळखायचा तर नजर आधी मानेवर न्यावी. मानेमागे काळी अर्धी कडी आणि अंग फिकट धुळकट असेल तर तो पठाणी होला, म्हणजेच कंठेरी होला. माळरानावर, गावकुसाजवळ तो हमखास दिसतो. मानेवर काळा पट्टा आणि त्यात पांढरे ठिपके असले तर ठिपकेवाला. त्याला झाडोरा आणि ओलावा जास्त मानवतो. छातीच्या वरच्या भागावर तांबूस-काळी बारीक चौकट दिसली तर अंगणात निर्धास्त दाणे टिपणारा छोटा तपकिरी होला. या तिघांची मान एकदा डोळ्यांत बसली की चौथा आपोआप उठून दिसतो.

आमच्या पाहुण्याला कडी होती, म्हणजे तो पठाण्याच्या जवळचा. पण पठाणी होला साधारण 32 सेंटिमीटर लांब असतो आणि हा जेमतेम 23. शिवाय एवढा तांबडा पठाणी होला असतच नाही. आवाजातही फरक होता. पठाणी होला मधल्या सुरावर जोर देत सावकाश तीन सूर काढतो; हा मात्र घाईघाईने, घशातल्या घशात तेच ते घुमवत होता.

खरं कोडं पुढे होतं. दुसऱ्या दिवशीही तो आला, पण त्याच्याजवळ त्याच्याएवढाच एक फिकट मातकट पक्षी होता. मला वाटलं, हे पठाणी होल्याचं पिल्लू असावं. आत्याने जांभळीखाली पाण्याचं परळ ठेवलं होतं. तिथे ते दोघं उतरले तेव्हा मी दहा पावलांवर होतो. चिमणी घोटभर पाणी घेऊन मान वर करते; यांनी चोच पाण्यात बुडवली आणि मान न उचलता पाणी ओढून घेतलं. होल्या-पारव्यांच्या कुळाची ही खास रीत आहे. तेवढ्या वेळात मातकट पक्ष्याची मान नीट दिसली. काळी कडी स्पष्ट होती. पठाणी होल्याच्या कोवळ्या पिल्लाला अशी पुरी कडी नसते.

मग उलगडा झाला. तारेवरचा तो तांबडा पक्षी म्हणजे लाल होला, आणि ती त्याची मादी होती. इतर तीन होल्यांत नर-मादी दिसायला जवळपास सारखेच असतात. लाल होल्यात मात्र दोघांचे रंग उघड वेगळे असतात: नर विटकरी, मादी मातकट. एकटी मादी पाहिली की भले भले तिला पठाणी होला समजतात. अशा वेळी लहान चण आणि आखूड शेपटी पाहावी. पक्षी दहा मिनिटं शांतपणे बघत बसलं की अशा खुणा हाती लागतात. घाईने काढलेल्या धूसर फोटोत मला त्या कधीच सापडल्या नाहीत. या पक्ष्याच्या शास्त्रीय नावातलं 'ट्रँक्वेबारिका' तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीवरून आलं आहे. ती डेन्मार्कची जुनी वसाहत.

हिवाळ्यात गोंधळ घालणारा आणखी एक कवडा आपल्याकडे येतो. तो आकाराने मोठा असतो, पाठीवर तांबूस खवले आणि मानेच्या बाजूला काळ्या-करड्या आडव्या रेघा. त्याच्या 'मीना' या उपजातीचं वर्णन कर्नल साइक्स यांनी 1832 साली केलं, तेही आपल्या दख्खनचे पक्षी नोंदवताना. आणि गावात एखादा दुधाळ पांढरा, माणसाला न घाबरणारा होला दिसला तर तो बहुधा कुणाच्या पिंजऱ्यातून सुटलेला पाळीव पक्षी असतो.

आपल्याला नेहमीचा वाटणारा पठाणी होलासुद्धा दुसरीकडे नवलाचा ठरला आहे. विसाव्या शतकात तो बाल्कन देशांकडून युरोपभर पसरला आणि 1955 साली त्याने इंग्लंडमध्ये घरटं केलं. 1974 साली बहामा बेटांवर पिंजऱ्यातले काही पक्षी सुटले, पुढच्या दशकात ते फ्लोरिडात पोचले आणि तिथून अमेरिकेत दूरवर पसरले. तिथल्या खेड्यांतले लोक मानेवर काळी कडी असलेला हा कोण पाहुणा, असं एकमेकांना विचारू लागले. आमच्या तारेवर तो रोज बसतो.

आमची जोडी जूनपर्यंत राहिली. बांधावरच्या बाभळीत त्यांनी चार काटक्यांचं घरटं मांडलं. ते इतकं विरळ होतं की खाली उभं राहिलं तर काटक्यांच्या फटींतून दोन पांढरी अंडी दिसत. आत्याने महिनाभर कुणालाही बाभळीची फांदी तोडू दिली नाही.