सिक्वोयाचे बी आणि आपली गोरखचिंच



गेल्या महिन्यात शहापुरातील एका घरी गेलो असता आजीबाईंनी कागदाची एक पुडी पुढे केली. मुलाने कॅलिफोर्नियाहून पाठवलेले सिक्वोया वृक्षाचे बी तीत होते. नातवाच्या नावाने ते परड्यात लावावे, असे त्यांच्या मनात होते. "फादर, लागेल का हो हे?" एवढेच त्यांनी विचारले. त्यांना दिलेले उत्तर इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

सिक्वोया हा जगातील सर्वांत थोराड वृक्ष. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावरच तो आपोआप वाढतो. तेथील 'जनरल शेरमन' नावाचे झाड सुमारे ८४ मीटर उंच असून त्याचे वय दोन हजार वर्षांहून अधिक मानतात. एवढ्या वृक्षाचे बी मात्र ज्वारीच्या कोंड्यासारखे हलके! झाडावरची बोंडे वर्षानुवर्षे मिटलेली राहतात. वणव्याची धग लागली की ती उकलतात आणि बी उघड्या मातीवर, राखेत पडते. पण वणवा फार भडकला तर झाडही जाते. २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत हजारो मोठे सिक्वोया जळून गेले.

हे बी बर्फाखाली हिवाळा काढून उगवणारे आहे. म्हणून घरी पेरायचे तर ते रात्रभर भिजवावे, ओलसर वाळूत मिसळावे आणि फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे, चार ते सहा आठवडे ठेवावे. मग थंडीच्या सुरुवातीस कुंडीत पसरून वर वाळूचा अगदी पातळ थर द्यावा. रोप निघेल, परंतु पुढचे कठीण आहे. त्याच्या मायभूमीत हिवाळ्यात बर्फ आणि उन्हाळा कोरडा असतो. आपल्याकडे एप्रिल-मेचे ऊन आणि त्यापाठोपाठ चार महिन्यांचा पाऊस. ओलीत बुरशी लागून कोवळी रोपे बुडापासून कुजतात. कौतुक म्हणून कुंडीत लावण्यास हरकत नाही. पण नातवाची आठवण त्याच्यावर सोपवू नये.

मग थोर वृक्ष हवाच असेल तर काय लावावे? गोरखचिंच लावावी. हीही परदेशातली, आफ्रिकेतली. पण आपल्या हवेत शतकानुशतके रुळलेली आहे. हुबळीच्या पलीकडे, हावेरी जिल्ह्यातील सवणूर येथे मठाच्या आवारात तिची तीन पुरातन झाडे प्रसिद्ध आहेत. कन्नडमध्ये त्यांना 'दोड्ड हुणसे', म्हणजे मोठी चिंच, म्हणतात. २०२३ च्या जुलैत त्यांपैकी एक पावसात उन्मळून पडले, तेव्हा यंत्रे लावून ते पुन्हा उभे करण्यात आले. गावाचा जीव झाडावर कसा जडतो, ते यावरून दिसते.

गोरखचिंचेच्या बियांनाही झोप असते; पण ती थंडीची नव्हे, जाड कवचाची. फळातील गर धुऊन बी मोकळे करावे. प्रत्येक बी एका बाजूने कानसेवर थोडे घासावे. आतील गाभ्याला इजा होऊ देऊ नये. नंतर कढत पाण्यात टाकून तेच पाणी निवू द्यावे व एक दिवस भिजू द्यावे. एप्रिल-मेमध्ये तांबडी माती, वाळू आणि थोडे कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात बोटाच्या पेराइतके खोल पेरावे. काही आठवड्यांत कोंब येतो. कधी जास्तही वेळ लागतो, म्हणून कुंडी उपडी करण्याची घाई करू नये. पहिली पाने साधी असतात, पंजासारखी पाने मागाहून येतात. थंडीत पाने गळतात, ते झाड मेले असे समजून उपटू नये. त्या दिवसांत पाणी अगदी बेताचे द्यावे, नाहीतर मूळ कुजते.

फळांसाठी पंधरा-वीस वर्षे, कधी अधिकही, थांबावे लागते. फळातला आंबट, पिठूळ गर पाण्यात कालवून सरबत करतात. त्यात क जीवनसत्त्व संत्र्याहून अधिक असते.

शेवटी जागेचे. आजीबाईंचे परडे चार भिंतींमधले, शेजाऱ्याची भिंत लागून. तेथे हे झाड लावले तर नातवाला वारशात भांडण मिळेल! घर, विहीर आणि गटार यांपासून निदान ५० फूट अंतर ठेवावे. म्हणून असे ठरले की सिक्वोया कुंडीत, आजीच्या हौसेसाठी. आणि गोरखचिंच त्यांच्या शेताच्या कोपऱ्यात, नातवासाठी. खड्डा उन्हाळ्यातच काढून ठेवावयाचा आहे. रोप गुडघ्याएवढे झाले की पहिल्या पावसानंतर नातवाच्याच हाताने लावावे आणि गुराढोरांपासून राखण्यासाठी काट्यांचे कुंपण करावे. फळ आजी पाहतील न पाहतील, पण पाणी घालणारा नातू त्यांना दिसेल.