आठवीच्या परीक्षा : कोणती कशासाठी?

पनवेल तालुक्यातल्या आमच्या गटांच्या बैठकीत हप्ता, व्याज, कर्जफेड हे विषय आटोपले की बोलणं हमखास मुलांच्या शाळेवर येतं. त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. "ताई, पोरीची शाळेत कसली तरी चाचणी झाली. ती कशाची? तिचे गुण कुठं कळतात? आणि त्यानं तिचं काही बरंवाईट होतं का?" सहावी, सातवी, आठवीच्या मुलांच्या आयांना आज चार-पाच परीक्षांची नावं कानावर येतात. प्रत्येकीचं काम निराळं. सगळ्या एकाच पिशवीत घातल्या की घोटाळा होतो, म्हणून आज त्या वेगवेगळ्या करून बघू.

पहिली देशभराची पाहणी. 4 डिसेंबर 2024 रोजी 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' झालं. तिसरी, सहावी आणि नववीची मुलं त्यात होती. त्याआधी 12 नोव्हेंबर 2021 ला अशीच पाहणी तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीसाठी झाली होती. यात सगळ्या शाळा नसतात, निवडक शाळा घेतात. भात शिजला का बघायला आपण पातेल्यातली चार शितं चेपून बघतो, तसंच हे. मुलाचे गुण घरी येत नाहीत. जिल्ह्याची, राज्याची मुलं कुठं आहेत एवढंच त्यातून कळतं. तेव्हा आपली शाळा त्यात निवडली गेली तर मुलाला धाकात ठेवायचं काही कारण नाही.

दुसरी चाचणी मात्र आपल्या मुलाची आहे. शाळेत पायाभूत चाचणी आणि त्यानंतर संकलित मूल्यमापन चाचणी एक आणि दोन अशा परीक्षा होतात. 2023-24 पासून त्या तिसरीपासून वरच्या वर्गांना राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेवर घेतल्या जाऊ लागल्या. विषय तीन : प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेतलं किती पक्कं आहे ते बघायला असते. त्यात कमी गुण पडले म्हणून पोराला मारणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटरवर राग काढणं. गुण कमी आले तर कुठं अडतंय ते शाळेला कळलं. आता त्यावर शाळा काय करणार, हे विचारायचं.

आणि विचारताना शाळेच्या सरासरीवर समाधान मानू नका. आपल्याला हिशेब येतो, तेव्हा हिशेबानंच बघू. समजा, वर्गात 20 मुलं आहेत आणि गणिताची चाचणी 30 गुणांची आहे. 8 मुलांना प्रत्येकी 27 मिळाले आणि 12 मुलांना प्रत्येकी 12. एकूण झाले 360, सरासरी 18, म्हणजे 60 टक्के. फळ्यावर लिहायला बरं दिसतं. पण त्या वर्गात 18 गुणांचं एकही मूल नाही, आणि निम्म्याहून जास्त मुलांना निम्मे गुणही नाहीत. आता त्या 12 पैकी 4 मुलं परीक्षेच्या दिवशी घरीच राहिली असं धरा. सरासरी 19.5 वर जाते, म्हणजे 65 टक्के. कुणी एक अक्षर जास्त शिकलं नाही, तरी शाळा 'सुधारली'. म्हणून टक्केवारी ऐकली की लगेच दोन गोष्टी विचाराव्यात : परीक्षेला किती मुलं हजर होती, आणि निम्म्याच्या खाली किती आहेत?

हे विचारायची जागाही आपल्याकडे आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे सरकारी, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला. कागदावर या बायका सगळीकडे असतात. सहीसाठी वही घरी येते आणि परत जाते. गटाच्या वहीत आकडा न वाचता आपण सही करत नाही, मग शाळेच्याच वहीत का करायची? मुलांची नावं घेऊन कुणाला कमीपणा आणायचा नाही. "भागाकार न येणारी मुलं किती, आणि त्यांच्यासाठी वेगळा तास कधी लावणार?" एवढं विचारलं तरी बैठकीचा नूर बदलतो. आमचा अनुभव असा की शिक्षकांनाही असं विचारलेलं आवडतं, कारण बहुतेकदा पालक शाळेत येतात ते पोषण आहाराबद्दल नाहीतर भांडणाबद्दल बोलायला.

एक गोष्ट थोडक्यात. 'आठवीपर्यंत नापास करत नाहीत' हे आता जुनं झालं. डिसेंबर 2023 च्या शासन निर्णयानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. त्यात मूल अनुत्तीर्ण झालं तर पुरवणी परीक्षा, आणि तीही गेली तर त्याच वर्गात राहावं लागतं.

आता ज्या परीक्षेमुळं घरात पैसा येऊ शकतो तिच्याकडे वळू. शाळेत तिला एनएमएमएस म्हणतात. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या हुशार मुलांसाठी केंद्र सरकारनं 2008 साली ही शिष्यवृत्ती सुरू केली. परीक्षा आठवीत असताना होते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000 रुपये मुलाच्या स्वतःच्या खात्यावर जमा होतात. आठवीनंतर शाळा लांब पडते, सहा आसनीचं भाडं परवडत नाही, मग मुलगी घरी बसते आणि दोन वर्षांत स्थळं बघायला सुरुवात होते, हे आपल्या वाड्या-वस्त्यांवर आपण बघतोच. महिन्याला हजार रुपये म्हणजे त्या भाड्याची सोय.

बसता कुणाला येतं? सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिका-महानगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या आठवीच्या मुलांना. 2016 साली पनवेल महानगरपालिका झाली आणि 29 गावं तिच्यात गेली. आपलं गाव आत असो की बाहेर, या परीक्षेला त्यानं फरक पडत नाही. सातवीत 55 टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 50 टक्के. आईवडिलांचं दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलांना बसता येत नाही. सरकारी निवासी शाळेत राहण्या-जेवण्याची सोय घेणाऱ्या मुलांनाही नाही, त्यामुळं आश्रमशाळेतली आपली कातकरी, ठाकर मुलं बाहेर राहतात. सोय मिळते म्हणून रोख नाही, असा त्यामागचा हिशेब. आम्हाला तो पटत नाही, पण नियम आज तसा आहे.

अर्ज मुख्याध्यापक ऑनलाइन भरतात, आपण नाही. परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. अलीकडे ती डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात रविवारी झाली आहे, म्हणजे अर्जाची धावपळ गणपती ते दिवाळीच्या मधे. नेमकी याच दिवसांत भातकापणी आणि झोडणी असते आणि आठवीतली मुलगी खळ्यावर नाहीतर धाकट्या भावंडाजवळ असते. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा अहवाल लागतो, त्यात दिवस जातात. दाखल्याचं काम पावसाळ्यातच सुरू केलेलं बरं.

पेपर दोन, दोन्ही 90 प्रश्नांचे आणि 90 मिनिटांचे. पहिला बौद्धिक क्षमतेचा : आकड्यांची मालिका पुरी करा, गटात न बसणारं ओळखा, आरशातली आकृती कोणती, असे प्रश्न. दुसरा शालेय विषयांचा : विज्ञान 35, समाजशास्त्र म्हणजे इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्र 35 आणि गणित 20 प्रश्न. चार पर्यायांतला एक निवडून उत्तरपत्रिकेवरचा गोल पेनानं भरायचा, आणि एकदा भरला की खोडता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. खेड्यातली मुलं इथं बरेचदा ज्ञान कमी म्हणून मागं पडत नाहीत. मिनिटाला एक प्रश्न हा वेग त्यांना नवा असतो, गोल भरणं नवं असतं. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन रविवारी समाजमंदिरात घड्याळ लावून बसवलं तर ही अडचण बरीच कमी होते. त्याला क्लासची फी लागत नाही. गावातली बारावी शिकलेली एखादी मुलगी आणि एक भिंतीवरचं घड्याळ पुरतं.

उत्तीर्ण व्हायला 40 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला 32. पण उत्तीर्ण होणं आणि निवड होणं यात फरक आहे. सगळ्या महाराष्ट्राला मिळून 11,682 शिष्यवृत्त्या. त्या जिल्ह्यांत आणि प्रवर्गांत वाटलेल्या. म्हणजे आपल्या मुलीची स्पर्धा रायगड जिल्ह्यातल्या, तिच्याच प्रवर्गातल्या मुलांशी. पास झाली पण यादीत नाव नाही, असं पुष्कळांचं होतं. अशा मराठा आणि कुणबी मुलांसाठी 'सारथी' संस्थेची वर्षाला 9,600 रुपयांची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि कुणी सांगत नाही म्हणून तो राहून जातो.

शाळेत दुसरी जी 'स्कॉलरशिप' म्हणतात ती राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा, ही नव्हे. ती आधी चौथी-सातवीला होती, 2016-17 पासून पाचवी-आठवीला गेली आणि आता पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला आहे. आपल्या मुलाला यंदा कोणती लागू हे मुख्याध्यापकांना विचारून घ्या. दोन्ही परीक्षांना एकच मूल बसू शकतं.

निवड झाल्यावरही काही पथ्यं आहेत. नववीला मुलीला हौसेनं खासगी विनाअनुदानित शाळेत घातलं, आणि आपल्याकडे खारघर-कामोठ्याच्या शाळांचं आकर्षण फार, की शिष्यवृत्ती थांबते. दहावीत 60 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला 55. दहावीनंतर डिप्लोमाला गेली तरी पैसे बंद होतात. अर्थात डिप्लोमा तिच्या कामाचा असेल तर 24,000 रुपयांसाठी तो सोडू नये, पण ठरवताना हे माहीत असावं. दरवर्षी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. इथं अडतं ते बहुतेक नावापाशी. आधारवर वडिलांचं नाव एक, पासबुकावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर आडनावच वेगळं. सातवी-आठवीतल्या मुलांच्या आयांनी पुढच्या बैठकीला येताना मुलाचं आधार कार्ड, पासबुक आणि गुणपत्रिका घेऊन यावं. तिन्ही शेजारी ठेवून नावं तिथंच ताडून बघू.