'टोरॉइडल' म्हणजे नेमके काय?

मेदूवडा, बांगडी आणि हवा भरलेली सायकलची ट्यूब यांचा आकार एकाच जातीचा आहे. गणितात त्याला 'टोरस' म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ फुगवटा किंवा उशी. त्यावरून 'टोरॉइडल' हे विशेषण आले. मात्र ते कोण वापरतो आहे हे पाहूनच त्याचा अर्थ घ्यावा लागतो.

भूमितीत अर्थ काटेकोर आहे. एक वर्तुळ त्याच्याच प्रतलातील, पण त्याला न छेदणाऱ्या रेषेभोवती पूर्ण फिरवले की टोरस तयार होतो. त्याचे घनफळ काढायचे तर ट्यूब एका जागी कापून सरळ केली असे समजा. कड्याच्या मध्यापासून नळीच्या मध्यापर्यंत १० सेंमी आणि नळीची त्रिज्या २ सेंमी असेल, तर लांबी २ × ३.१४ × १० = ६२.८ सेंमी, छेदाचे क्षेत्रफळ ३.१४ × २ × २ = १२.५६ चौ. सेंमी आणि गुणाकार सुमारे ७८९ घन सेंमी. सरळ करताना आतली बाजू ताणली जाते, बाहेरची तेवढीच आकसते, म्हणून हिशेब चुकत नाही.

टोपॉलॉजीवाल्यांना मात्र गोलाईशी कर्तव्य नाही. आरपार एक भोक असले की पुरे! त्यांच्या लेखी कानाचा कपही टोरस. वरचे सूत्र त्याला लावू नका. बहुपृष्ठकासाठी आपण शिकतो: पृष्ठे + शिरोबिंदू = कडा + २. फोटोची लाकडी चौकट, कोपऱ्यांतले तिरके जोड धरून मोजा. पृष्ठे १६, शिरोबिंदू १६, कडा ३२. तो '२' नाहीसा झाला! अशा घनाकृतीला टोरॉइडल बहुपृष्ठक म्हणतात.

भौतिकशास्त्रात हा शब्द दिशाही सांगतो. कड्याभोवतीचा लांबचा फेरा 'टोरॉइडल', नळीभोवतीचा आखूड फेरा 'पोलॉइडल'. आपल्या बडोद्याहून फार दूर नसलेल्या गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली 'आदित्य' हे टोकामॅक यंत्र सुरू झाले. त्यात अतितप्त प्लाझ्मा कड्याच्या आकाराच्या पात्रात चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवतात. गंमत अशी की वेटोळी आखूड फेऱ्याने गुंडाळलेली असतात आणि त्यांचे क्षेत्र लांबच्या फेऱ्याने धावते.

पालकांच्या ओळखीचा भाऊबंद म्हणजे 'टोरिक' भिंग. चष्म्याच्या कागदावर 'सिलिंडर'च्या रकान्यात आकडा असेल, तर भिंगाला दोन दिशांना वेगवेगळा बाक द्यावा लागतो. ट्यूबच्या बाहेरच्या बाजूवर बोट आडवे आणि उभे फिरवून पाहा, तो फरक हाताला कळेल.