विमानाचे इंजिन आणि आपल्या कारागिरांची मुले

नरखेड, जलालखेडा, मोवाड हा संत्र्याच्या बागांचा मुलूख. मोटारपंप, फवारणी यंत्रे, कूलर दुरुस्त करून येथील अनेक कारागीर रोजी कमावतात. त्यांत आपले बांधवही आहेत. त्यांच्या मुलांसाठी आज एका वेगळ्या हुनराची माहिती आम्ही देत आहोत.

नागपूरच्या मिहान प्रकल्पात 2015 पासून मोठ्या विमानांच्या देखभालीचा कारखाना सुरू झाला. बोइंगने तो एअर इंडियासाठी उभारला. 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, तरी हा कारखाना सरकारी कंपनीकडेच राहिला.

बोइंग 777 चे जीई-90 इंजिन घ्या. पुढच्या पंख्याचा व्यास सव्वातीन मीटर. आत ओढलेल्या हवेचे दहा वाटे केले, तर सुमारे नऊ वाटे गाभ्याबाहेरूनच मागे जातात आणि विमानाला पुढे रेटतात. एक वाटा गाभ्यात शिरतो, कॉम्प्रेसरमध्ये सुमारे 40 पट दाबला जातो आणि मग त्यात इंधन जळते.

तेथील उष्णता टर्बाइनच्या पात्यांचा धातू वितळवील एवढी असते. म्हणून दाबलेल्या हवेतील काही हवा वळवून पोकळ पात्यांत सोडतात. ती बारीक छिद्रांतून बाहेर पडते व पात्यावर संरक्षक थर धरते. छिद्रे धुळीने बुजली की पाते करपते. कूलरची जाळी चोंदल्यावर काय होते, हे विदर्भात कोणाला सांगायला नको. येथे मात्र प्रश्न शेकडो जिवांचा असतो. म्हणूनच कॉम्प्रेसर पाण्याने धुतात, नळीच्या कॅमेऱ्याने आतली पाती तपासतात, किरकोळ खाचा ठरलेल्या मर्यादेतच घासून काढतात.

आपला उस्ताद आवाजावरून बिघाड ओळखतो. विमानाच्या कामात तेवढे पुरत नाही. प्रत्येक माप पुस्तकाप्रमाणे, प्रत्येक कामाची नोंद, आणि शेवटी परवानाधारकाची सही. हात कितीही तयार असला तरी कागद नसेल तर ती सही करता येत नाही. आपली मुले मागे राहतात ती येथेच.

हा परवाना डीजीसीए देते. त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन व गणित घेतलेले असावे. फी लाखांत जाते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, हे स्वतः तपासावे. दहावीनंतर मुलाला लगेच दुकानात बसवण्याआधी पालकांनी एवढा विचार जरूर करावा, अशी आमची विनंती आहे.